लाल शाईचा शेरा

मनुष्याच्या हातून घडलेल्या अपराधाची शिक्षा किती काळ चालावी, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडील विचारवंतांनी चोर, दरवडेखोर आणि खुनी यांच्या बाबतीत पुष्कळ केला आहे. बंदिवानांच्या सुधारणेवर ग्रंथ झाले, खुली कारागृहे निघाली, आणि जन्मठेपेच्या कैद्याच्या सुटकेचाही चौदा वर्षांनंतर विचार होऊ लागला. परंतु ज्याने देशाच्या सीमेवर दहा-बारा वर्षे ऊन, हिम आणि गोळ्या सोसल्या, आणि पुढे रजेवरून वेळेवर न परतल्याबद्दल किंवा दारूच्या अमलात वरिष्ठास उलट उत्तर दिल्याबद्दल ज्याचे नाव पलटणीतून कमी करण्यात आले, त्या शिपायाची शिक्षा केव्हा संपते? हा प्रश्न आमच्या ऐकिवात तरी कोणी मोठ्याने विचारलेला नाही. तो विचारण्यासाठीच हा लेख लिहिला आहे. आमचे उत्तर आरंभीच सांगून ठेवतो. आजच्या व्यवस्थेत ती शिक्षा बहुधा मरणापर्यंत संपत नाही, आणि काही अंशी मरणानंतरही, त्याच्या विधवेच्या वाट्याने, चालूच राहते. हे अन्यायाचे आहे, आणि टाळता येण्याजोगे आहे.

उदाहरणासाठी बुलढाणा जिल्हा घेऊ. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेला हा तेरा तालुक्यांचा जिल्हा जिजाऊंचे माहेर म्हणून महाराष्ट्रभर वंदनीय आहे. कपाशी आणि सोयाबीन यांवर जगणारी, पावसाच्या लहरीवर लोंबकळणारी येथील शेती कुटुंबातील सर्वांस पोसू शकत नाही. म्हणून सैन्यभरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या तरुणांची वाण येथे कधी पडत नाही. २०१९ च्या १४ फेब्रुवारीस पुलवाम्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे चाळीस जवान कामी आले, त्यांतील दोघे याच जिल्ह्याचे होते. एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातील चोरपांगऱ्याचा. २०२३ च्या ऑक्टोबरात सियाचिनच्या हिमनदीवर कर्तव्यावर असताना प्राणास मुकलेला एक तरुण अग्निवीर बुलढाणा तालुक्यातील पिंपळगाव सराईचा होता. अशा वेळी सारा जिल्हा लोटतो, बाजारपेठा बंद राहतात, रस्त्यांच्या दुतर्फा फुले घेऊन मुले उभी राहतात. त्या शोकात आम्हांस तिळमात्र खोटेपणा दिसत नाही. परंतु त्याच जिल्ह्यात, त्याच एखाद्या गल्लीत, पलटणीतून काढून लावलेला दुसरा एक शिपाई परत आला, तर त्याच्या घरावरून जाताना तीच माणसे आवाज खाली करून बोलतात. तिरंग्यात गुंडाळून आलेल्यास आपण ओळखतो. लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन मलकापूरच्या स्टेशनावर रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्यास ओळख देत नाही.

सैन्यातून बाहेर पडण्याचे मार्ग वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसतील, म्हणून थोडक्यात सांगणे भाग आहे. नोकरीची मुदत पुरी करून निघणे हा सन्मानाचा मार्ग. याच्या उलट टोकास बडतर्फी. ती लष्करी न्यायालयाच्या शिक्षेने होते, किंवा १९५० च्या सैन्य अधिनियमान्वये वरिष्ठांच्या हुकमाने होते. या दोहोंच्या मधोमध एक अंधारी गल्ली आहे. १९५४ च्या सैन्य नियमांतील तेराव्या नियमाखाली 'सेवेची यापुढे आवश्यकता नाही' असे म्हणून शिपायास निरोप देता येतो. शब्द मोठे सौम्य आहेत. परंतु शिपायाच्या वर्तनपत्रकात लाल शाईने चार शेरे चढले की त्यास याच सौम्य शब्दांनी घरी पाठविण्याची वहिवाट पडलेली आहे. रजा संपल्यावर हजर न होणे, नशेत आढळणे, हुकूम मोडणे, अशा अपराधांबद्दल ठरावीक प्रकारच्या शिक्षा झाल्या की हे लाल शेरे पडतात.

आता बाहेर पडल्यावर काय होते ते पाहू. शिपायास निवृत्तिवेतन मिळण्यासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. चौदाव्या वर्षी नाव कमी झाले तर सामान्यतः पेन्शन नाही. बडतर्फ झालेल्याची गोष्ट याहून कठीण. त्याची वीस वर्षांची पूर्वसेवाही पेन्शनीच्या दृष्टीने शून्य होते. १९६१ च्या पेन्शन नियमावलीतील ११३ व्या नियमात अपवाद म्हणून कृपेची एक खिडकी ठेवली आहे. पण त्या खिडकीवर टकटक कोणी, कशी आणि कोणत्या भाषेत करावी, हे त्या गावच्या शिपायास सांगणारा कोणी नाही. पेन्शन नाही म्हणजे पश्चात् कुटुंबवेतन नाही, आणि लष्करी पेन्शनरांसाठी चाललेल्या औषधोपचाराच्या योजनेतही प्रवेश नाही. इतकेच असते तर आम्ही यास केवळ द्रव्याचा प्रश्न म्हटले असते. पण केंद्र शासनाच्या नोकरभरतीच्या नियमांत 'माजी सैनिक' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता यांपायी काढलेला मनुष्य वगळला आहे. म्हणजे ज्याने बारा वर्षे बंदूक वाहिली तो कायद्याच्या दृष्टीने माजी सैनिकच नव्हे! राखीव जागा नाही आणि वयाची सवलत नाही. मग तो कोण? बारा वर्षे तो कोठे होता, असे मुलाने विचारले तर त्याने काय सांगावे?

एक काल्पनिक शिपाई डोळ्यांपुढे आणू. मोताळा तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी तोफखान्यात भरती झाला. पाचव्या वर्षी बापाने सावकाराच्या तगाद्यास कंटाळून अंथरूण धरले. मुलगा रजा संपून तीन आठवडे उलटले तरी परतला नाही. पहिला लाल शेरा. आठव्या वर्षी बायकोचे बाळंतपण बिघडले. दुसरा शेरा. दहाव्या वर्षी, काश्मिरात डोळ्यांदेखत सोबती मारला गेल्यावर, त्यास झोप येईना. तो पिऊ लागला. तिसरा आणि चौथा शेरा. तेराव्या वर्षी कागद हाती पडला. या मनुष्याच्या हातून अपराध घडले नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. चारही वेळा त्यास शिक्षा झाली आणि चारही वेळा त्याने ती भोगली. आमचा प्रश्न पुढचा आहे. भोगून संपलेल्या त्या चार शिक्षांची बेरीज करून पाचवी, आणि सर्वांत मोठी, शिक्षा द्यावयाची असेल, तर तिच्याबरोबर त्याच्या तेरा वर्षांचीही बेरीज कोणी केली काय? त्याने किती हिवाळे बर्फात काढले, किती वेळा गोळीच्या टप्प्यात पहारा केला, हे कोणत्या शाईने लिहिले आहे? २००६ साली पंतप्रधानांच्या मदत-योजनेत ज्या सहा कर्जबाजारी जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत बुलढाणा होता. अशा घरचा मुलगा रजेवरून उशिरा परततो तेव्हा त्याच्या उशिराचे कारण पुष्कळदा शेतात सापडते. परंतु वर्तनपत्रकात शेतासाठी रकाना नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व भावनेचे बोलणे झाले. न्यायाची दारे उघडी आहेत. आहेत खरी. ती कशी उघडली तेही पाहावे. १९८२ साली लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, लष्करी न्यायालयाच्या निकालावर एकही अपील नसावे याबद्दल स्पष्ट खेद प्रकट केला. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा होण्यास २००७ साल उजाडावे लागले. पंचवीस वर्षांत एक शिपाई भरती होऊन निवृत्त होतो आणि त्याचा मुलगा भरतीच्या रांगेत उभा राहतो. न्यायाधिकरण २००९ पासून चालू झाले. महाराष्ट्रातील शिपायासाठी त्याचे पीठ मुंबईस आहे. मलकापुराहून मुंबई रेल्वेने पाचशे किलोमीटरांच्या घरात. अंतिम हुकूम झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावयाचा. उशीर झाल्यास तो माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणास आहे, पण हक्क म्हणून अर्जदारास मागता येत नाही. नाव कमी होऊन आलेला मनुष्य पहिले सहा महिने काय करतो, याचा कायदा करणारांनी विचार केला असता तर बरे झाले असते. तो लोकांस तोंड चुकवीत असतो. मध्यंतरी सभासदांच्या जागा रिकाम्या राहून अनेक ठिकाणची पीठे ओस पडली. २०१५ च्या एका निर्णयानंतर न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार व्यवहारतः बंद झाल्यासारखे होते. ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उघडले. मधली आठ वर्षे ज्यांची गेली ती गेलीच.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की न्यायालय हे न्यायालय असते. हुकूम कायद्याप्रमाणे झाला की नाही, चौकशीची रीत पाळली की नाही, शिक्षा अपराधाच्या मानाने डोळ्यांत खुपण्याइतकी मोठी आहे की काय, एवढेच ते मुख्यत्वे पाहते. रणजित ठाकूर या सिग्नल दलातील शिपायाचे प्रकरण प्रसिद्ध आहे. आपल्या वरिष्ठाविरुद्ध परस्पर तक्रार केल्याबद्दल तो कोठडीत होता. २९ मे १९८५ रोजी जेवण्याचा हुकूम झाला असता तो जेवला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर संक्षिप्त लष्करी न्यायालय बसले, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली होती तोच अधिकारी न्यायासनावर होता. शिक्षा झाली एक वर्ष कारावासाची आणि बडतर्फीची. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून त्यास नोकरीवर परत घ्यावयास लावले. येथे अन्याय इतका ढळढळीत होता की तो न दिसणे अशक्य होते. परंतु संक्षिप्त लष्करी न्यायालयाची घडण आजही तीच आहे. कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. शेजारी दोघे बसतात, पण निकालात त्यांचा शब्द नाही. शिक्षेला वरून मंजुरी लागत नाही, ती तत्काळ अमलात येते. अधिकारी, कनिष्ठ अधिकारी यांच्यावर असे न्यायालय बसत नाही. ते शिपायासाठीच राखून ठेवले आहे.

लाल शेऱ्यांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात मोठा निर्वाळा दिला. चार शेरे झाले म्हणून आपोआप घरी पाठविता येणार नाही. २८ डिसेंबर १९८८ च्या लष्करी मुख्यालयाच्या सूचनेप्रमाणे आधी चौकशी झाली पाहिजे. शिपायाने खडतर ठाण्यांवर केलेली सेवा आणि पेन्शनीस उरलेला अल्प काळ ही लक्षात घेतली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. दुबे यांस पेन्शनीस पात्र होईपर्यंत सेवेत होते असे धरावे, असा हुकूम झाला. मधल्या काळाचा पगार मात्र नाही. हा निकाल वाचून आम्हांस समाधान वाटले. तथापि वाचकांनी हेही ध्यानात घ्यावे की, ती सूचना १९८८ ची होती. ती पाळावी म्हणून सांगण्यास देशाचे सर्वोच्च न्यायालय आणि सत्तावीस वर्षे लागली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका शिपायाची मागणी फेटाळली, कारण त्यास नोटीस दिली होती आणि त्याचे उत्तर घेतले होते. २०२३ मध्ये, पत्नीच्या आजाराचे कारण सांगून रजेबाहेर १०८ दिवस राहिलेल्या एका मोटार-चालकाची बडतर्फी कायम झाली. त्याचे पूर्वीचे वर्तनही अनुकूल नव्हते, आणि सैन्यात असा बेशिस्तपणा चालवून घेता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या दृष्टीने हे निर्णय चुकले, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. न्यायालयापुढे जो प्रश्न होता त्याचे त्याने उत्तर दिले. परंतु दुसरा एक प्रश्न कोणापुढेच नव्हता. हुकूम त्या दिवशी बरोबर होता असे धरले, तरी आज, इतक्या वर्षांनी, या मनुष्याच्या नावावरचा शेरा तसाच ठेवण्यात देशाचे कोणते हित आहे? हा प्रश्न घेऊन जाण्यासाठी भारतात आज एकही नेमके दार नाही.

इतर देशांनी असे दार केलेले आहे. अमेरिकेत १९४४ साली युद्धावरून परतणाऱ्या शिपायांस शिक्षण आणि घरकर्ज देणारा जो कायदा झाला, त्याच कायद्याच्या ३०१ व्या कलमाने सेवामुक्तीच्या शेऱ्याचा फेरविचार करणारी मंडळे स्थापन करण्याचा अधिकार सैन्याच्या मंत्र्यांस दिला. शिपायास पंधरा वर्षांपर्यंत त्यांच्यापुढे जाता येते. सर्वसाधारण लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा मात्र त्यांच्या कक्षेबाहेर आहे. अमेरिकनांनी हे केवळ उदारपणे केले, असेही नव्हे. त्यांच्याकडे त्या काळी निळ्या कागदावर छापलेली एक सेवामुक्ती होती. ती सन्मानाची नव्हती आणि अपमानाचीही म्हटली जात नसे. आपल्या 'आवश्यकता नाही' या शब्दांची ती सख्खी बहीण. १९४१ च्या डिसेंबरापासून १९४५ च्या जूनपर्यंत अठ्ठेचाळीस हजारांवर असे निळे कागद वाटले गेले. सैन्यात कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा साडेसहा होते. निळ्या कागदांत ते शेकडा बावीस निघाले. कृष्णवर्णीयांच्या एका वृत्तपत्राने त्याविरुद्ध रान उठविले आणि १९४७ मध्ये तो कागद बंद झाला. पुढे २०१४ मध्ये असा आदेश निघाला की, ज्या शिपायाच्या गैरवर्तनामागे युद्धाने जडलेला मनोविकार असण्याचा संभव आहे, त्याच्या अर्जाकडे उदार दृष्टीने पाहावे. व्हिएतनामहून परतलेल्या कित्येकांचा विकार त्यांच्या काळी वैद्यकाच्या ग्रंथांत नावानिशी नोंदलेलाच नव्हता. ते नाव १९८० साली ग्रंथात आले. वैद्यास जे नाव ठाऊक नव्हते ते कमांडिंग ऑफिसरास कोठून ठाऊक असणार? त्याने त्यास 'बेशिस्त' असे नाव दिले. इंग्लंडनेही, पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा आदी आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ शिपायांस २००६ च्या कायद्याने मरणोत्तर क्षमा केली. समलिंगी असल्याच्या कारणाने २००० सालापर्यंत ज्यांस सैन्यातून काढले, त्यांची २०२३ मध्ये त्या देशाच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली. यांपैकी कोणत्याही देशाचे सैन्य त्यामुळे विस्कटले नाही.

आणि परदेशी कशाला जावे? आमच्याच इतिहासात राज्यकर्त्यांचे शेरे कालांतराने किती उलटेपालटे होतात याचे दाखले आहेत. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईस 'तलवार' या नौदलाच्या ठाण्यावरून जो उठाव झाला, त्याच्यापायी ४७६ नाविकांस काढून टाकण्यात आले, असे सांगतात. स्वतंत्र भारतानेही त्यांस नौदलात परत घेतले नाही. मात्र पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनीसाठी ज्या चळवळी पात्र ठरविल्या, त्यांत हा उठावही आला, आणि आज कुलाब्यास त्याचे स्मारक उभे आहे. म्हणजे ज्या कृत्याने दप्तरात 'काढून टाकला' अशी नोंद झाली, त्याच कृत्याच्या नावाने दुसऱ्या दप्तरातून पेन्शन मंजूर झाली! आमचा बुलढाण्याचा शिपाई असा कोणी बंडवाला नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याची योग्यता त्यांच्याशी लावण्याचा आमचा हेतू नाही. शेरा ही दगडावरची रेघ नसून मनुष्याने मनुष्याबद्दल एका वेळी दिलेले मत आहे, एवढेच यावरून दाखवावयाचे आहे.

दुसरा दाखला याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी सैन्याने महार भरती बंद केली. तेव्हा सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज सिद्ध केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तोच धागा पुढे चालविला. पहिल्या महायुद्धात १९१७ साली एक महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट स्थापन होण्यास १९४१ साल यावे लागले. अर्जामागून अर्ज जात राहिले, कारण अर्जाचा विचार करणे सरकारवर बंधनकारक नव्हते. मेहेरबानीची वाट पाहणाऱ्याचे अर्धे शतक असे जाते. म्हणून आम्ही मेहेरबानी मागत नाही. कायद्याने बांधलेले मंडळ मागतो.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तो शिस्तीचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लढाईच्या वेळी हुकूम मोडणारा एक मनुष्य दहांचा घात करतो. शिपायास जर वाटू लागले की आज काहीही केले तरी उद्या शेरा बदलून मिळेल, तर पलटण चालणार कशी, असे विचारले जाते. यास आमचे उत्तर असे. आम्ही कोणासही पलटणीत परत घ्या म्हणत नाही. कमांडिंग ऑफिसरच्या शिक्षेच्या अधिकारास हात लावा, असेही म्हणत नाही. कोठडी, वेतनकपात, सेवामुक्ती ही सर्व शस्त्रे त्याच्या हाती राहोत. मंडळाचा प्रश्न सेवा संपल्यानंतरचा आहे, आणि उत्तर देणारे हे पलटणीच्या साखळीबाहेरचे लोक आहेत. कधी काळी, कित्येक वर्षांनी, नागरिक म्हणून चांगले वागल्यावर, शेरा सौम्य होण्याचा संभव आहे, एवढ्या आशेवर आज रजा चुकविणारा शिपाई आम्ही तरी कल्पू शकत नाही. उलट आम्हांस असे वाटते की, ज्या संस्थेस आपल्या चुका दुरुस्त करण्याची सोय आहे तिच्यावर आई-बाप आपला मुलगा अधिक विश्वासाने सोपवितात. आणि मंडळास 'नाही' म्हणण्याचा पूर्ण अधिकार असावा. देशद्रोह, स्त्रीवरील अत्याचार, सोबत्याचा घात, अशा अपराध्यांस त्याने परत पाठवावे. त्यांच्यासाठी आम्ही एक शब्दही खर्च करणार नाही.

मंडळाचे स्वरूप कसे असावे याबद्दल आमच्या काही सूचना आहेत. त्यात एक निवृत्त न्यायाधीश, एक मनोविकारतज्ज्ञ, एक निवृत्त सेनाधिकारी असावा, आणि एकजण तरी शिपायाच्या पायरीवरून वर चढलेला निवृत्त सुभेदार असावा. कारण कोठडीत रात्र कशी जाते हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? अर्जाची मुदत सहा महिने न ठेवता निदान पंधरा वर्षांची असावी, आणि मनोविकाराच्या प्रकरणांस मुदतच नसावी. वर्तनपत्रकाची आणि चौकशीच्या कागदांची नक्कल अर्जदारास विनामूल्य मिळावी. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाने असा अर्ज मराठीत लिहून देणे आपले कर्तव्य समजावे. 'तू माजी सैनिक नाहीस' असे सांगून त्यास दारातून परतवू नये. मंडळाने वर्षातून एकदा तरी विभागाच्या ठिकाणी, म्हणजे बुलढाणेकरांसाठी अमरावतीस, बसावे. निकाल कारणांसह लेखी द्यावा. शिपाई मृत झाला असेल तर त्याच्या पत्नीस अथवा मुलांस अर्ज करता यावा. शेरा बदलल्यास सेवेच्या प्रमाणात का होईना, काही वेतन आणि 'माजी सैनिक' हे नाव त्यास मिळावे. यांतील एकही गोष्ट सरकारच्या तिजोरीस बुडविणारी नाही.

हे काम आज अधिक निकडीचे झाले आहे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने शिपायाचे आयुष्यच बदलले. चार वर्षांनी शेकडा पंचवीसपर्यंत लोक ठेवावयाचे, बाकीचे ऐन विशी-पंचविशीत घरी परतावयाचे, पेन्शन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही, अशी ती योजना आहे. पूर्वीचा शिपाई पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन परतत असे. शेऱ्याची झळ लागली तरी अर्धे आयुष्य मागे गेलेले असे. आता जो तरुण परतेल त्याच्यापुढे चाळीस वर्षांच्या नोकऱ्या, विवाह, कर्जे, सगळेच उभे आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तो एकच कागद मागितला जाणार आहे. एकविसाव्या वर्षी हातून झालेल्या आगळिकीचा शेरा त्याने साठाव्या वर्षापर्यंत वाहावा काय?

शेवटी दोन शब्द आम्हां सुशिक्षितांसाठी. हा प्रश्न सरकारचा आहे असे म्हणून आपण सुटू शकत नाही. या मासिकाच्या वाचकांत शाळांचे मुख्याध्यापक आहेत, वकील आहेत, पतपेढ्यांचे संचालक आहेत, कारखान्यांचे व्यवस्थापक आहेत. रखवालदाराच्या जागेसाठी आलेल्या मनुष्याचा डिस्चार्जचा कागद पाहून त्यास परत पाठविणारे हात आपलेच आहेत. सरकारी मंडळ होईल तेव्हा होईल. परंतु त्या कागदावरील एका ओळीपलीकडे पाहून 'तेरा वर्षे कोठे कोठे होता?' एवढे विचारण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. वकिलांनी वर्षातून असा एक अर्ज विनामूल्य लिहावा. मुख्याध्यापकांनी प्रजासत्ताकदिनी गावातील सैनिकांस बोलावताना यादीतून वगळलेल्या या एका नावाचा विचार करावा. जिल्ह्यातील आमदार-खासदारांनी हुतात्म्यांच्या चौथऱ्यांवर जितक्या उत्साहाने फुले वाहिली, तितक्या नव्हे, त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या उत्साहाने जरी हा प्रश्न संसदेत मांडला, तरी कामास आरंभ होईल.

देशासाठी मरणाऱ्याचे ऋण फेडता येत नाही, असे आपण वारंवार म्हणतो, आणि ते खरेही आहे. ज्याने सेवा केली, चुकला, शिक्षा भोगली आणि अजून जिवंत आहे, त्याचे ऋण मात्र फेडता येण्याजोगे आहे. त्यासाठी एक मंडळ, एक लेखणी आणि निराळ्या रंगाची थोडी शाई एवढेच लागते.